शेंगभर थांबणं

“वैनी, जवारी हुरड्याला आली.”

माधवराव पाटलांचा फोन काल सकाळी आला आणि एवढं बोलून बंदही झाला. ते लातूरच्या ब्रिज क्लबाचे कर्तेधर्ते. आमच्या नांदेडच्या क्लबाशी त्यांचा वर्षातून एक सामना असतो, आणि त्याची तारीख कुणी माणूस ठरवत नाही. शिरूर अनंतपाळजवळच्या पाटलांच्या रानातली ज्वारी ठरवते. ती हुरड्याला आली की येणारा रविवार सामन्याचा. थंडी चांगली पडली तर संक्रांतीच्या मागेपुढे, नाहीतर आणखी उशिरा. प्रत्येक गोष्ट कॅलेंडरवर लिहून ठेवणाऱ्या तुमच्या आजीला हे सुरुवातीला फार जड गेलं. आता पौष लागला की मी रविवारी दुसरं काही ठरवत नाही.

ईशा, निहार, तुम्ही दोघं नेहमी विचारता, क्लबाची काय खबर? आणि मी उत्तर द्यायच्या आधी जरा थांबले की लगेच तिकडून येतं, “आजी, आवाज येतोय का?” आवाज येत असतो. मी शेंग सोलत असते. म्हणजे काय, ते आज सांगते. हुरड्याच्या दिवसांतच ते सांगायला हवं.

हा हंगाम मला आधी नाकानं कळतो. लातूरच्या रस्त्याला लागलं की लोह्याच्या पुढे दोन्ही बाजूंना करडई पिवळी झालेली असते, हरभऱ्यावर दव असतं, आणि गाडीची काच थोडी खाली केली तर कुठल्या तरी बांधावरून गोवऱ्यांचा धूर आत येतो. त्या धुरात कोवळ्या ज्वारीचा गोडसर वास मिसळलेला असतो. पाखरं हाकलायला कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत असतं. आम्ही आठजण दोन गाड्यांमध्ये स्वेटर घालून बसलेले असतो आणि कुणी फारसं बोलत नाही. सवयच तशी आहे आमची.

तुमच्या आजोबांना या न बोलण्याचं फार हसू यायचं. ते रमीवाले. रमीत आरडाओरडा, चहा, भजी, एकमेकांच्या खोड्या. एकदा मला घ्यायला म्हणून क्लबात आले, दारातच उभे राहिले, सगळीकडे बघितलं आणि घरी आल्यावर म्हणाले, “खेळत होता की कुणाच्या मयतीला बसला होता?” निहार, तूही मागच्या वेळी आलास तेव्हा विचारलंस की पत्ते हातात घेऊन हे सगळे झोपतात का. तू आजोबांवर गेला आहेस.

आमचा क्लब एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर भरतो. लग्नसराईत खाली बँड वाजत असतो, अक्षता पडत असतात, मसालेभाताचा वास जिन्यानं वर येतो, आणि वर चार टेबलांभोवती सोळा माणसं तोंडातून शब्द न काढता बसलेली असतात. बोलीसुद्धा आम्ही तोंडानं लावत नाही. ब्रिजमध्ये समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार. आपली जोडी किती हात करील याची आधी बोली लावायची आणि मग तेवढे हात करून दाखवायचे. बोली जिंकणाऱ्या जोडीतला एकच खेळतो, दुसरा आपली पानं टेबलावर उघडी मांडून बसतो. प्रत्येकाजवळ एक लहान डबी असते, तीत सगळ्या बोलींची छापील कार्डं. हवं ते काढून टेबलावर ठेवायचं. आवाज चढला, उतरला, त्यावरून जोडीदाराला काही कळू नये, म्हणून हा खटाटोप.

आणि आमचा ब्रिज डुप्लिकेट. साध्या खेळात ज्याला चांगली पानं येतात तो जिंकतो आणि स्वतःला हुशार समजतो. आमच्याकडे ती सोय नाही. एक डाव खेळून झाला की ज्यानं त्यानं आपली तेरा पानं एका चपट्या ट्रेच्या आपापल्या बाजूच्या कप्प्यात परत ठेवायची. टेबलाच्या चार बाजूंना उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशी नावं. तो ट्रे, म्हणजे बोर्ड, पुढच्या टेबलावर जातो आणि तिथले चौघे तीच पानं खेळतात. मग त्याच्या पुढच्या टेबलावर. शेवटी बघायचं ते एवढंच, की त्याच पानांवर तुम्ही काय केलंत आणि दुसऱ्यानं काय केलं. एकदा आमच्या दाताच्या डॉक्टरांनी घाईत दोन कप्प्यांची अदलाबदल केली, आणि पुढच्या तिन्ही टेबलांवर उत्तरेच्या माणसाची श्रीमंती पूर्वेला गेली. ते कळेपर्यंत दुपार टळली होती. डॉक्टर अजून कप्पा बोटानं चाचपल्याशिवाय पानं ठेवत नाहीत.

मला हा खेळ वाघमारे सरांनी शिकवला. मलाच काय, आमच्या क्लबात बहुतेक सगळ्यांना. सर गणित शिकवत, मी त्याच कॉलेजात इंग्रजी. हैदराबादला शिकून आल्यामुळे मला वाटायचं की शिष्टाचार काय असतो ते आपल्याला ठाऊक आहे. चमचा कुठल्या बाजूला ठेवायचा, आभार कसे मानायचे. सरांच्या टेबलावर बसल्यावर कळलं की मी फक्त चमच्यापर्यंत पोचले होते.

सर कुठलीही गोष्ट एकदाच सांगत. टेबलावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला आधी नमस्कार. जोडीदाराची पानं टेबलावर उघडी झाली की, ती कितीही भिकार असोत, “धन्यवाद, जोडीदार.” डाव बुडाला तर कुणामुळे बुडाला, याची चर्चा नाही. जोडीदार विचार करत असताना त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, आपल्या पानांकडे बघायचं. आणि सगळ्यात अवघड नियम थांबण्याचा.

“थांबणं म्हणजे बोलणंच आहे, मॅडम,” सर म्हणत.

ते असं, की ज्याच्याकडे काहीच नाही तो झटकन पास देतो. जो डबीवर बोट ठेवून थांबतो, त्याच्याकडे काहीतरी आहे, पण नक्की काय करावं ते त्याला सुचत नाही. हे समोरच्या जोडीदाराला एक शब्द न बोलता कळतं. म्हणून जोडीदार थांबला असेल तर त्यातून कळलेल्या गोष्टीचा फायदा घ्यायचा नाही. शंका असेल तिथे स्वतःच्या तोट्याचा रस्ता धरायचा, कुणी बघत नसलं तरीही. मी हे घरी सांगितलं तेव्हा तुमच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “म्हणजे कळलेलं न कळल्यासारखं करायचं? लग्नात बरं करता येतं हे तुम्हाला.”

पाटलांना हे पचायला काही वर्षं लागली. पाटील म्हणजे बागायती माणूस, भरदार अंग, भरदार मिशी. हातात राजा-राणी आली की डावा हात आपोआप मिशीवर जायचा. त्यांचा जोडीदार पत्त्यांपेक्षा मिशीकडे जास्त बघायचा. एका सामन्यात सर पंच होते. ते शांतपणे टेबलाजवळ आले.

“पाटील, मिशी ही बोली नाही. हात खाली.”

“सर, मिशी माझ्या बापजाद्यांची हाय.”

“असू द्या. पण पानं आजची आहेत.”

सगळे हसले, पाटील लाल झाले. पण तेव्हापासून ते डावा हात मांडीखाली दाबून बसतात, अगदी आजही. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं क्लब सोडला असता. मला त्या दिवशी दोघांचंही कौतुक वाटलं, आणि ते अजून कमी झालेलं नाही.

सरांचं गाव लोहा तालुक्यातलं. एकदा सामन्याला जाताना त्यांनी गाडीतून बोट दाखवलं. “हे आमचं गाव. गावाची विहीर त्या अंगाला, आमचा झरा या अंगाला.” एवढंच. थोड्या वेळानं, गाडी बरीच पुढे गेल्यावर, ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “औरंगाबादच्या वसतिगृहात हा खेळ पहिल्यांदा बघितला. पानं सगळ्यांना सारखी. मला खरंच वाटेना, असं काही असतं म्हणून.” मग खिशातून शेंगा काढल्या आणि सगळ्यांना वाटल्या. त्यांच्या खिशात भाजलेल्या शेंगा नेहमी असत.

मी त्यांच्यासमोर पुष्कळ वर्षं बसले आहे. ते दक्षिण, मी उत्तर. तुमचे आजोबा गेले त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मी क्लबात जाणार नव्हते. सरांचा फोन आला, “मॅडम, उत्तरेला कुणी नाही.” मी गेले. त्या दिवशी मी काय खेळले ते मला आठवत नाही, पण दर वेळी माझी पानं उघडी झाली की समोरून “धन्यवाद, जोडीदार” येत होतं, ते आठवतं.

ज्या हुरड्याची गोष्ट मला सांगायची आहे, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात सरांच्या मेंदूतली एक बारीक नस आखडली. हातपाय वाचले, बोलणंही वाचलं. दिवाळीनंतर ते क्लबात आले तेव्हा फक्त काठी नवीन होती. सुमनताई, त्यांच्या पत्नी, जिन्यापर्यंत सोडून गेल्या. आम्हाला वाटलं, निभावलं.

पण विचार आणि पान यांच्यामध्ये एक फट पडली होती. सर बोट डबीवर ठेवत आणि ते बोट तिथेच राही. कधी ते खरंच विचार करत असत. कधी विचार झालेला असे, पण तो बोटापर्यंत यायला वेळ लागे. घरात चष्मा असतोच, पण कुठल्या खोलीत ते सापडत नाही, तसं. बाहेरून दोन्ही थांबणी सारखीच दिसत. आणि मी त्यांची जोडीदार. नियमाप्रमाणे त्यांच्या प्रत्येक थांबण्याला मी शंकेची जागा धरत होते आणि प्रत्येक वेळी तोट्याचा रस्ता घेत होते. बोली लावायची तिथे पास देत होते. आम्ही गुरुवारमागून गुरुवार तळाला राहू लागलो.

एका गुरुवारी डाव संपल्यावर सरांनी माझी पानं बोर्डातून परत काढली आणि बघितली.

“मॅडम, तुमच्याकडे बदामाची पाच पानं होती. राजासकट.”

“होती.”

“तरी तुम्ही पास दिला.”

“तुम्ही थांबला होतात, सर.”

ते पानं नीट लावून पुन्हा कप्प्यात ठेवू लागले. तेवढ्याला बराच वेळ लागला. “म्हणजे माझ्यामुळे.”

“नियमामुळे,” मी म्हणाले.

“नियम बरोबर आहे.”

पुढच्या गुरुवारी त्यांनी सगळ्यांना सांगितलं की यापुढे ते बोर्ड लावतील, गुण मोजतील, नवीन लोकांना शिकवतील, पण खेळणार नाहीत. लातूरलाही पंच म्हणून येतील. खाली कुणाची तरी वरात निघाली होती, त्या गोंगाटात सगळे एकदम बोलायला लागले. आमच्या खोलीत एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दाताचे डॉक्टर म्हणाले, “सर, तुमच्यापुरता तो नियम सोडून देऊ. कुणाची हरकत आहे?” कुणाचीच नव्हती.

सरांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा चढलेला ऐकला. “माझ्यापुरता? माझ्यापुरतं वेगळं काही मला नको. लहानपणी पुष्कळ होतं.”

डॉक्टर खुर्चीत बसले आणि समोरच्या बोर्डाचे कप्पे चाचपू लागले.

घरी आल्यावर मी पाटलांना फोन केला. तक्रार म्हणून नाही, सामन्यासाठी आमची एक जोडी बदलणार हे कळवायला हवं होतं म्हणून. पाटील सगळं ऐकून घेत होते. मागे कुठे तरी मोटार चालू होती, पाणी पडत होतं.

“मंजी सर टेबलावर न्हाई बसणार?”

“नाही.”

“मग मिशीवरचा हात कुणाच्या भेवानं खाली ठिवू मी?” ते म्हणाले. “बगतो, वैनी. काय करता येतंय का बगतो.”

लातूर म्हणजे परीक्षांचं गाव. हुरड्याच्या दिवसांत तिथे रस्त्यावर मुलं दिसतात ती पाठीला दप्तर लावून, चालता चालता पुटपुटत. त्या वर्षी सामना एका अभ्यासिकेच्या हॉलमध्ये होता. रविवार सकाळपुरता पाटलांनी मागून घेतला होता. भिंतीवर मोठ्या अक्षरांत “शांतता राखा”, त्याच्या खाली कुणीतरी पेन्सिलीनं “नाहीतर नापास व्हा” असं लिहिलेलं. सर ते वाचून हसले. आम्हा सगळ्यांना त्यांच्या त्या हसण्यानं बरं वाटलं. येताना त्यांच्या गावाच्या फाट्यावर त्यांनी गाडीतून बाहेर बघितलं नव्हतं.

सरांनी बोर्ड मांडले, डब्या ठेवल्या. माझ्यासमोर दक्षिणेला दाताचे डॉक्टर बसले. सुरुवात करायची म्हणून सर म्हणाले, “कुणाला काही विचारायचं आहे?” हे ते दर वर्षी म्हणतात आणि दर वर्षी कुणाला काही विचारायचं नसतं.

पाटील उभे राहिले. “सर, एक तक्रार हाय.”

“कुणाविरुद्ध?”

“आमच्याच क्लबातल्या एका माणसाविरुद्ध. लई वर्सांपासून चालू हाय त्याचं. पत्ते भिकार आले की खटकन पास देतो. बरे आले की इचार करत बसतो. त्याच्या जोडीदाराला सगळं आपोआप कळून राहिलंय. ही बेइमानी हाय का न्हाई?”

“आहे. कोण तो?”

“मीच हाय तो,” पाटील म्हणाले. “तुमी मिशीचा बंदोबस्त केला. ह्याचा राहिला.”

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. सरांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ते पंच होते. तक्रार आली की पंचाला निकाल द्यावाच लागतो, आणि तक्रार खरी होती, हे आम्ही सगळेच जाणून होतो.

“यावर काय करावं असं तुम्हाला वाटतं?”

“समद्यांनी थांबायचं, सर. पत्ते कसे बी असू द्या. पास द्यायचा असला तरी थांबायचं, बोली लावायची असली तरी थांबायचं. मंग कुणाच्या थांबण्यातनं कुणाला काय कळंल?”

“असा नियम आहे. पण तो काही ठरावीक बोलींनंतरच लागू होतो.”

“आपण समद्याला लावू.”

“किती थांबायचं?”

पाटलांनी खिशात हात घातला आणि एक शेंग काढून टेबलावर ठेवली. “ही फोडायची, दाणे काडायचे, तोंडात टाकायचे. तेवडं.”

“शेंगेत कधी दोन दाणे असतात, कधी तीन.”

“तीनच धरा, सर. लातूरच्या शेंगा हायत. नांदेडवानी पोचट न्हाईत.”

सर हसले नाहीत. ते एकेक विचारत गेले, वर्गात विचारायचे तसं. “नांदेडलाही लागू?”

“हाव.”

“सामना संपल्यावर? उद्या, पुढच्या वर्षी?”

“कायमचा.”

“कुणालाही सूट नाही?”

“कुणालाच न्हाई. मला तर बिलकूल न्हाई.”

मग सर थांबले. खिडकीतून ऊन टेबलांच्या हिरव्या कापडावर आलं होतं. सोळा-सतरा माणसं त्या हॉलमध्ये होती आणि एकानंही सरांच्या तोंडाकडे बघितलं नाही. प्रत्येकजण आपल्या बोर्डाकडे, आपल्या नखांकडे, त्या एका शेंगेकडे बघत होता. ही शिकवण त्यांचीच होती. पाटील नेमके कशासाठी उभे राहिले होते, हे सरांना समजलं नसेल असं मला वाटत नाही. समजलं होतं. पण त्यांच्यासमोर ठेवलेली गोष्ट दया म्हणून नाकारता येण्यासारखी नव्हती, कारण ती सगळ्यांना सारखी होती.

“मॅडम,” ते शेवटी म्हणाले, “दक्षिणेला कोण आहे?”

दाताचे डॉक्टर उठूनच उभे राहिले. “कुणी नाही. मला हुरड्याला पुढे जायचंय. चटणी संपते.”

त्या सामन्याइतका संथ ब्रिज मी आयुष्यात खेळलेली नाही. पास, पास, पास, आणि प्रत्येक पासाच्या आधी एक शेंग. पाटील तर खरोखरची शेंग फोडत आणि टरफलं वरच्या खिशात टाकत. सुरुवातीला हसू येत होतं. हळूहळू ते ओसरलं आणि हॉलमध्ये एक वेगळीच लय आली, झोपाळ्याला असते तशी. सरांचं थांबणं त्या लयीत कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते मला ओळखता येईना. मला पुन्हा माझ्या पानांवरून बोली लावता येऊ लागली.

एक डाव सांगते. सर तीन बिनहुकूम बोलले होते, म्हणजे हुकूम नाही आणि तेरापैकी नऊ हात करायचे. माझी पानं टेबलावर उघडी. “धन्यवाद, जोडीदार.” पाटलांनी सुरुवातच बदामानं केली होती, त्यांच्याकडे लांबलचक बदाम होते. सरांकडे बदामाचं मोठं पान एकच, एक्का. कुणीही तो मारून हात घेतला असता. सर थांबले आणि लहान पान टाकलं. हात गेला. पाटलांनी पुन्हा बदाम टाकले. सर पुन्हा थांबले, पुन्हा लहान पान. मला बोलायची परवानगी नव्हती आणि बोलण्यासारखंही काही नव्हतं, मी नुसती बघत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी एक्का ठेवला. तोवर पाटलांच्या जोडीदाराकडचे बदाम संपले होते. पुढे एक हात त्या जोडीदाराला गेला, पण पाटलांना द्यायला त्याच्याकडे बदाम उरलाच नव्हता. पाटील हातात दोन चांगले बदाम घेऊन शेवटपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या टेबलावर तीच पानं लातूरचे एक वकील खेळले. त्यांनी पहिल्याच वेळी एक्का मारला आणि डाव बुडाला.

“घाईनं काय मिळतंय?” पाटील त्या वकिलांना म्हणाले.

सामना मात्र लातूरनंच जिंकला. दर वर्षी तसंच होतं, ते पुढे लिहीत नाही.

रानात पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि आगटी विझत आलेली. पाटलांनी ती पुन्हा फुंकली, कणसं राखेत खुपसली. गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, हिरवे मऊ दाणे उरतात. सोबत जवसाची चटणी, गूळ, घट्ट दही. सुमनताई आमच्याबरोबर आल्या होत्या. त्या सरांना कणीस चोळून देत होत्या. सर म्हणाले, “दे इकडे, मला येतं.” आणि हळूहळू, एकेक दाणा सोडवत, त्यांनी ते कणीस स्वतः संपवलं. पाटील शेजारी उकिडवे बसले होते, दोन्ही हात मिशीवर.

“आता चालंल ना, सर?”

“आता चालेल,” सर म्हणाले.

त्यावर आता बरेच हुरडे झाले. नियम राहिला. आमच्याकडे त्याला “शेंगभर” म्हणतात. नवीन माणसाला शिकवताना सर सांगतात, “शेंगभर थांबा, मग पास द्या.” का, ते सांगत नाहीत. मीही सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी गजानन आला, स्टेशनकडच्या रस्त्याला त्याचं औषधांचं दुकान आहे. चुणचुणीत माणूस, दुकानात सगळं झटपट करणारा. तो गेल्या उन्हाळ्यात एका स्पर्धेसाठी पुण्याला जाऊन आला. कसं झालं, विचारलं तर तोंड वाकडं केलं.

“खेळतात चांगलं, काकू. पण मॅनर्स नाहीत. पान हातात आलं की लगेच पास. कुणाला दम म्हणून नाही. मी थांबलो तर माझ्याकडेच बघून राहिले सगळे.”

सर माझ्यासमोर बसून गुण मोजत होते. त्यांनी मान हलवली. “मोठ्या शहरात असतं तसं,” ते म्हणाले.

आता खबर. ती मी शेवटी ठेवली, कारण तुमची आई हे वाचून काळजी करील आणि लगेच फोन करील. करू नये.

मागच्या गुरुवारी सरांनी “चार बिनहुकूम”चं कार्ड टेबलावर ठेवलं. ब्रिज खेळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं की हा प्रश्न आहे: तुझ्याकडे एक्के किती? मला ते कार्ड दिसत होतं. माझ्या हातातले दोन एक्के दिसत होते. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते काही केल्या सापडेना. इतकी वर्षं दिलेलं उत्तर. मी बोट डबीवर ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. खाली बारशाची गाणी चालू होती. गजानन पंख्याकडे बघत होता, त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं. त्याचा जोडीदार आपली पानं न्याहाळत होता. कुणालाच काही वेगळं वाटलेलं नव्हतं, मी शेंगभर थांबले होते. पहिली शेंग संपली. मी दुसरी सोलायला घेतली.

सर आपल्या पानांकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आणि मग ते सापडलं. कुठे गेलं नव्हतं, दुसऱ्या खोलीत होतं. मी “पाच बदाम” काढून ठेवलं, म्हणजे दोन एक्के. सर सहा इस्पिक बोलले. गजाननानं पहिलं पान टाकलं आणि मी माझी तेरा पानं उलगडून टेबलावर मांडली, रंगांप्रमाणे, नीट.

“धन्यवाद, जोडीदार,” सर म्हणाले, आणि पहिलं पान मागायच्या आधी थांबले.

मी माझ्या रिकाम्या हातांकडे बघत बसले.